बुदियाफना कोणी बोलावलं होतं?

16 जानेवारी 1992 रोजी अल्जीरियाच्या मुक्तिलढ्यातले जुने नेते मोहम्मद बुदियाफ राजधानी अल्जीयर्सच्या विमानतळावर उतरले. वय 72. देश सोडून जवळपास 28 वर्षं झालेली. त्या विमानतळाला हुआरी बूमेदियन यांचं नाव आहे. 1962 साली लष्कराच्या जोरावर मुक्तिलढ्यातले दुसरे नेते बेन बेला यांना गादीवर बसवणारे आणि 1965 साली त्यांनाच खाली खेचून पुढची तेरा वर्षं स्वतः राज्य करणारे ते हे बूमेदियन. त्यांच्या हयातीत बुदियाफना मायदेशाच्या जमिनीवर पाय ठेवणं शक्य नव्हतं. आता बूमेदियन यांच्याच तालमीत तयार झालेलं लष्कर त्यांना मानानं बोलावून घेत होतं, तेही देशाचे प्रमुख म्हणून. 166 दिवसांनी, 29 जूनला त्यांचा खून झाला. गोळ्या झाडणारा सैनिक त्यांच्याच संरक्षणासाठी आलेल्या तुकडीतला होता.

ही गोष्ट सहसा एका शोकांतिकेसारखी सांगितली जाते. स्वच्छ माणूस परत आला, भ्रष्टांच्या वाटेत आला, मारला गेला. यातलं काही खोटं नाही. पण एवढ्यावर थांबलं की एक प्रश्न बाजूला राहतो: बुदियाफ त्या खुर्चीवर बसले ते कोणाच्या अधिकारानं? माझं मत असं आहे की त्यांनी ते बोलावणं नाकारायला हवं होतं. त्यांच्याबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून मी हे लिहितो आहे, कारण त्यांच्यासारख्या माणसाच्या होकारालाच किंमत होती. कुण्या संधिसाधूनं होकार दिला असता तर लष्कराच्या हाती काहीच लागलं नसतं.

बुदियाफ 1919 साली मसिला भागात जन्मले. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होते आणि नंतर त्याच फ्रान्सविरुद्धच्या गुप्त संघटनेत शिरले. 1954 साली सशस्त्र लढ्याची तयारी ज्या समितीनं केली, तिच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला युद्ध सुरू झालं. आत राहून ते सुरू करणारे सहा जण होते आणि बाहेरून काम करणारे तीन. अल्जीरियात या नऊ जणांना ‘ऐतिहासिक नेते’ म्हणतात. 22 ऑक्टोबर 1956 ला रबातहून ट्यूनिसला निघालेलं विमान फ्रेंचांनी परस्पर अल्जीयर्सला उतरवलं. त्यात बुदियाफ, बेन बेला, आयत अहमद आणि खिदर सापडले. पुढची साडेपाच वर्षं बुदियाफ फ्रान्सच्या तुरुंगात होते.

5 जुलै 1962 ला स्वातंत्र्य मिळालं आणि काही आठवड्यांतच सत्तेचं भांडण सुरू झालं. सीमेपलीकडे शिस्तीत उभं राहिलेलं बूमेदियन यांचं सैन्य ज्याच्या बाजूला, सत्ता त्याची, असा तो सरळ हिशेब होता. बुदियाफनी तो मान्य केला नाही. सप्टेंबर 1962 मध्ये त्यांनी स्वतःचा समाजवादी क्रांती पक्ष काढला. जून 1963 मध्ये त्यांना उचलून दक्षिणेकडे सहाराच्या भागात नेऊन डांबण्यात आलं. सुटल्यावर ते देशाबाहेर पडले, आणि मागे त्यांना गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली गेली. स्वतंत्र झालेल्या देशानं आपल्या मुक्तिदात्याला दोन वर्षांच्या आत दिलेलं हे बक्षीस.

नंतरची बरीच वर्षं मोरोक्कोत, केनित्रा गावी गेली. तिथे ते विटांचा छोटा कारखाना चालवत. बूमेदियन वारल्यावर 1979 साली त्यांनी आपला पक्षही विसर्जित केला. म्हणजे 1992 साली त्यांच्या पाठीशी एकही शाखा नव्हती, कार्यकर्ता नव्हता, वर्तमानपत्र नव्हतं. शाळेच्या इतिहासातून त्यांचं नाव जवळजवळ पुसलं गेलं होतं. देशातले बहुसंख्य लोक स्वातंत्र्यानंतर जन्मलेले होते, आणि विमानाच्या जिन्यावरून उतरणारा हा उंच, कृश म्हातारा कोण हे त्यांतल्या अनेकांना वडीलधाऱ्यांना विचारावं लागलं.

लष्कराला हवा होता तो नेमका असाच माणूस. नऊ ऐतिहासिक नेत्यांचा हिशेब मांडला की हे स्पष्ट दिसतं. दिदूश मुराद, बेन बूलैद आणि बेन म्हिदी युद्धात गेले. खिदर यांचा 1967 साली माद्रिदमध्ये खून झाला, क्रीम बेलकासेम यांचा 1970 साली फ्रँकफुर्टच्या हॉटेलात. उरले चार. राबाह बितात हे सत्तेच्या व्यवस्थेतच मुरलेले. बेन बेला स्वतः राज्य करून बदनाम झालेले, शिवाय त्यांचा स्वतःचा पक्ष होता. होसिन आयत अहमद यांच्याकडे कबिलिया या डोंगरी प्रदेशात घट्ट मुळं असलेला पक्ष होता आणि ते निवडणूक रद्द करण्याच्या विरोधात होते. राहिले बुदियाफ. नाव निष्कलंक, हातात संघटना नाही. त्यांच्या एकटेपणात जनरलांना सोय दिसली.

आता त्या जानेवारीकडे बारकाईनं बघितलं पाहिजे, कारण सगळं तिथेच ठरलं. 1986 साली तेलाचे भाव कोसळले. ऑक्टोबर 1988 मध्ये तरुण रस्त्यावर आले आणि लष्करानं गोळीबार केला, शेकडो मेले. त्यातून 1989 ची राज्यघटना आली आणि एकपक्षीय राजवट संपली. मशिदींमधून वाढलेला इस्लामिक साल्वेशन फ्रंट, म्हणजे फिस, हा नवा पक्ष 1990 मध्ये निम्म्याहून जास्त नगरपालिका जिंकून बसला. 26 डिसेंबर 1991 ला संसदेच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. 430 पैकी 188 जागा फिसला पहिल्याच झटक्यात मिळाल्या, बहुमताला फक्त 28 कमी. आयत अहमद यांच्या पक्षाला 25. तीस वर्षं राज्य केलेला एफएलएन हा पक्ष वीसच्याही खाली. दुसरी फेरी 16 जानेवारीला व्हायची होती.

ती झाली नाही. 11 जानेवारीला राष्ट्राध्यक्ष शादली बेंजदीद यांनी दूरचित्रवाणीवर राजीनामा दिला, आणि त्याबरोबरच कळलं की संसद आधीच बरखास्त झालेली आहे. घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षपद रिकामं झालं की संसदेच्या सभापतीनं काही काळ कारभार पाहायचा. पण संसदच नाही, मग सभापती कुठला? घटना परिषदेच्या प्रमुखांनी सांगितलं की राजीनामा आणि बरखास्ती एकाच वेळी आली तर काय करायचं हे घटनेत लिहिलेलंच नाही. ही पोकळी आपोआप पडली असं मी मानत नाही. त्या पोकळीत देशाची स्वतःची सुरक्षा परिषद शिरली. ती केवळ सल्ला देणारी संस्था, पण तिनं निवडणूक रद्द केली आणि 14 जानेवारीला पाच जणांची उच्च राज्य समिती नेमली. तिचे अध्यक्ष बुदियाफ. सदस्यांमध्ये संरक्षणमंत्री जनरल खालेद नेझ्झार, आणि अली हारून. हारून तेव्हा मानवाधिकार खात्याचे मंत्री होते, मुक्तिलढ्यातले जुने सोबती होते. बुदियाफना राजी करायला केनित्राला तेच गेले होते.

ज्या दिवशी मतदानाची दुसरी फेरी व्हायची त्याच दिवशी बुदियाफ विमानतळावर उतरले. जिथे मतपेट्या असायला हव्या होत्या तिथे एक सन्माननीय चेहरा ठेवला गेला.

इथे दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाही. फिसचे अली बेलहाज लोकशाहीला उघडपणे धर्मद्रोह म्हणत होते. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांना आपलं काय होणार याची भीती होती आणि ती खरी भीती होती. कामगार महासंघानं आणि अनेक संघटनांनी मिळून निवडणूक थांबवण्याची जाहीर मागणी केली होती. हे सगळे लोक लष्कराचे हस्तक नव्हते. एकदा जिंकल्यावर पुन्हा निवडणूकच न घेणाऱ्या पक्षाला जिंकू द्यायचं का, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडेही नाही. बुदियाफ यांच्यासमोर तो आणखी धारदार होऊन आला असणार. ज्या देशासाठी तारुण्य दिलं तो बुडतो आहे आणि मी इथे विटा भाजत बसू? त्या वयात, त्या घरात, जुना मित्र समोर बसलेला असताना नाही म्हणायला किती बळ लागलं असतं याची कल्पना मी करू शकतो.

तरीही प्रश्न उरतोच. फिसला रोखण्यासाठी राष्ट्राध्यक्षाकडे घटनेनं दिलेले अधिकार होते, संसदेवर अंकुश होता, न्यायालयं होती, दुसरी फेरी बाकी होती. या सगळ्यांचा वापर न करता थेट मतदानच रद्द केलं, तेव्हा मत देणाऱ्या बत्तीस लाख माणसांना सांगितलं गेलं की तुमच्या कागदाच्या चिठ्ठीला इथे अर्थ नाही. मग त्यांतल्या काहींनी बंदूक उचलली. पुढच्या दशकात अल्जीरियात एक लाखापासून दोन लाखांपर्यंत माणसं मेली असे अंदाज आहेत. लष्करानं निवडणूक होऊ दिली असती तर रक्त सांडलंच नसतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण रद्द केल्यानंतर ते सांडलं, आणि त्या निर्णयाला सर्वांत मोठं नैतिक वजन बुदियाफ यांच्या नावानं दिलं.

त्या 166 दिवसांत ते बाहुलं बनून राहिले नाहीत, हेही तितकंच खरं आहे. सरकारी पुस्तकी अरबी बाजूला ठेवून ते लोकांशी साध्या अल्जीरियन बोलीत बोलत. भ्रष्टाचाराचं नाव घेऊन बोलत. बेलूसिफ नावाच्या माजी जनरलला गैरव्यवहारापायी अटक झाली, आणि लष्करी वर्तुळाला तो धक्का होता. एफएलएन आणि फिस या दोघांनाही पर्याय म्हणून एक राष्ट्रीय देशभक्त आघाडी उभी करायचा त्यांचा प्रयत्न होता. तरुणांना ते हळूहळू आवडू लागले होते.

आणि त्याच 166 दिवसांत 9 फेब्रुवारीला आणीबाणी आली. 4 मार्चला फिस बरखास्त झाला. निवडून आलेल्या संसदेच्या जागी एप्रिलमध्ये नेमलेल्या 60 जणांची सल्लागार परिषद बसली. हजारो माणसं, बहुतेक खटल्याशिवाय, सहारातल्या छावण्यांत पाठवली गेली. त्यांतली एक छावणी रेगानला होती. याच रेगानच्या परिसरात 13 फेब्रुवारी 1960 ला फ्रान्सनं आपला पहिला अणुबॉम्ब फोडला होता. वसाहतवादी सत्तेनं आपलं सर्वांत घातक काम करायला निवडलेलं वाळवंट स्वतंत्र अल्जीरियानं स्वतःच्या नागरिकांना कोंडायला वापरलं. ज्या माणसाच्या कारकिर्दीत हे झालं त्याला स्वतःला 1963 साली विनाखटला दक्षिणेच्या वाळवंटात नेऊन ठेवलं होतं, आणि तो अन्याय त्यानं नंतर लिहूनही काढला होता. बुदियाफ यांचे चाहते हे पान घाईनं उलटतात. मला ते उलटता येत नाही. छावण्यांचा आराखडा जनरलांचा असेल, पण देशाचे प्रमुख तेव्हा बुदियाफ होते.

मग 29 जून. पूर्वेकडच्या अन्नाबा शहरातलं संस्कृती भवन. मंचावर टेबल, मागे पडदा, समोर भरलेलं सभागृह, कॅमेरे चालू. बुदियाफ दुसरी राष्ट्रं आपल्या पुढे कशानं गेली याविषयी बोलत होते, ज्ञानानं, असं ते सांगत होते. बाजूला कसलासा आवाज होतो. ते मान वळवून बघतात. तेवढ्यात पडद्यामागून सेकंड लेफ्टनंट लंबारेक बूमारफी येतो आणि पाठीमागून गोळ्या झाडतो. हे चित्रण देशानं पाहिलं. बूमारफीला 1995 मध्ये फाशीची शिक्षा झाली, पण ती अमलात आली नाही. एकट्या माणसाचं कृत्य, असं सरकारनं सांगितलं. बुदियाफ यांच्या पत्नी फतिहा यांनी ते कधीच मान्य केलं नाही, आणि अल्जीरियात रस्त्यावरच्या कुणालाही विचारलं तर बहुधा तोच अविश्वास ऐकायला मिळेल. कट कोणाचा होता हे मी सांगू शकत नाही. पण राष्ट्राध्यक्षाच्या पाठीशी उभं राहणारं पथक कोण निवडतं, यावर राष्ट्राध्यक्षाचाच ताबा नव्हता, इतकं तर उघड आहे. स्वतःचा पक्ष नाही, मतदार नाही, विश्वासातलं प्रशासन नाही. ज्यांच्या गैरव्यवहारांना हात घालायचा त्यांच्याच पहाऱ्यात राहायचं. केनित्राहून निघताना जी बलस्थानं नव्हती ती अल्जीयर्समध्ये मिळणार नव्हतीच.

आयत अहमद यांनी दुसरा रस्ता घेतला, आणि त्याची आठवण फार कमी लोक काढतात. तेही 23 वर्षांच्या परागंदा आयुष्यानंतर डिसेंबर 1989 मध्ये परतले होते. पण ते परतले ते आपल्या पक्षाचं काम करायला, मतं मागायला. निकालात फिसनं त्यांना फार मागे टाकलं, तरी 2 जानेवारी 1992 ला अल्जीयर्समध्ये त्यांच्या हाकेवर लाखोंचा मोर्चा निघाला: पोलिसी राज्यही नको, धर्मांध राज्यही नको. दुसरी फेरी झालीच पाहिजे, आम्ही मतपेटीतून लढू, ही त्यांची भूमिका होती. निवडणूक रद्द झाल्यावर त्यांनी त्या निर्णयाला सरळ लष्करी उठाव म्हटलं. बुदियाफ यांच्या खुनानंतर ते पुन्हा स्वित्झर्लंडला गेले. जानेवारी 1995 मध्ये रोममध्ये एफएलएन, फिस आणि इतर पक्षांना एका टेबलावर आणून हिंसा सोडण्याचा आणि निवडणुकांकडे परतण्याचा जो मसुदा झाला, त्यात आयत अहमद पुढे होते. सरकारनं तो जसाच्या तसा फेटाळला. त्यांना सत्ता कधी मिळाली नाही. 2015 साली लोझानला वारले आणि आपल्या डोंगरी गावात दफन झाले. त्यांचं आयुष्य अयशस्वी म्हणायचं तर म्हणा, पण कोणाला कोंडून ठेवण्याच्या हुकुमाखाली त्यांचं नाव नाही.

बोलावून आणलेल्या जुन्याजाणत्या माणसाची ही गोष्ट एकट्या अल्जीरियाची नाही. 2003 मध्ये बगदाद पडल्यावर अदनान पाचाची परतले. 1960च्या दशकात इराकचे परराष्ट्रमंत्री, संयुक्त राष्ट्रांत इराकचे प्रतिनिधी, वडील पंतप्रधान राहिलेले, आणि सद्दामच्या काळात तीसेक वर्षं अबुधाबीत. वय ऐंशी. सभ्य, धर्मनिरपेक्ष, पंथाच्या राजकारणापासून दूर. अमेरिकी प्रशासनानं नेमलेल्या 25 जणांच्या शासकीय परिषदेत ते बसले. जून 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत लाखदार ब्राहिमी यांना ते राष्ट्राध्यक्ष म्हणून हवे होते. हे ब्राहिमी अल्जीरियाचे, आणि बुदियाफ यांच्या त्या 166 दिवसांत अल्जीरियाचे परराष्ट्रमंत्री तेच होते. पण तोवर पाचाचींवर अमेरिकेच्या माणसाचा शिक्का बसला होता, परिषदेतल्या सहकाऱ्यांनीही विरोध केला, आणि त्यांनी पद नाकारलं. जानेवारी 2005 मध्ये त्यांची स्वतंत्र यादी निवडणुकीला उभी राहिली आणि तिला एकही जागा मिळाली नाही. मशिदी, टोळ्या, हत्यारबंद गट यांच्याकडे गल्लीगल्लीत माणसं होती. पाचाचींकडे आयुष्यभराचा अनुभव होता आणि तो मोजायला मतपत्रिकेवर रकाना नव्हता. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. पण पद नाकारताना त्यांनी जी समज दाखवली ती मला मोलाची वाटते.

अल्जीरियाच्या लष्करानं मात्र हा मार्ग सोडला नाही. अब्देलअझीझ बुतेफ्लिका हे बूमेदियन यांचे परराष्ट्रमंत्री, नंतर हिशेबातल्या गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे 1980च्या दशकात अनेक वर्षं परदेशी. 1994 साली लष्करानं विचारलं तेव्हा अटी न जमल्यामुळे नाही म्हणाले. 1999 मध्ये आले, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी बाकीचे सहाही उमेदवार गैरप्रकाराचा आरोप करत बाहेर पडले. बुदियाफ यांच्या अनुभवावरून ते एक गोष्ट पक्की शिकले होते: जनरलांशी सौदा आधी करायचा. वीस वर्षं टिकले, शेवटची सहा वर्षं आजारानं जवळजवळ लोकांसमोर न येता.

22 फेब्रुवारी 2019 पासून दर शुक्रवारी लाखो लोक रस्त्यावर आले आणि 2 एप्रिलला बुतेफ्लिका गेले. त्या मोर्चांची घोषणा होती, नागरी राज्य हवं, लष्करी नको. मोर्चेकऱ्यांनी मुक्तिलढ्यातल्या हुतात्म्यांची छायाचित्रं उंच धरली, पण कुणा वयोवृद्ध नेत्याला परत बोलावून राज्य करायला सांगितलं नाही. चळवळीला नेता नाही अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली. मला ती अर्धीच पटते. 1992 आणि 1999 पाहिलेल्या लोकांना वरून आलेल्या चेहऱ्याचा संशय यावा हे स्वाभाविक होतं. पण गल्लीत काम करणारे, वर्षानुवर्षं सभासद जोडणारे, हरले तरी टिकणारे पक्ष अल्जीरियात तयार होऊच दिले गेले नाहीत, आणि ती उणीव शुक्रवारच्या मोर्चांनी भरून निघाली नाही. 12 डिसेंबरला लष्करानं आपल्या वेळापत्रकानं निवडणूक घेतली. अधिकृत आकड्यांप्रमाणेच चाळीस टक्के मतदारही बाहेर पडले नाहीत, आणि बुतेफ्लिकांचेच एक माजी पंतप्रधान, अब्देलमजीद तेबून, राष्ट्राध्यक्ष झाले.